हवाई बेटांतील फिलिपिनो ऊंस-मजूर आणि त्यांच्या मंडळ्या

उंसाच्या शेतीविषयीं लिहितांना आपण बेणें, खत, पाणी आणि भाव या चार गोष्टींचा ऊहापोह करतों. ऊंस तोडणाऱ्या हातांची आठवण मात्र हंगाम तोंडावर येऊन टोळी आली नाहीं म्हणजेच होते, आणि तीही बहुधा तक्रारीच्या रूपानें. असले तक्रारीचे लेख आम्हींही लिहिले आहेत. तेव्हां हा दोष दुसऱ्याच्याच पदरांत टाकण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवर नेऊं इच्छितों. तेथें १८३५ सालीं कोलोआ येथें मळा घालून सुरू झालेला उंसाचा धंदा २०१६ च्या डिसेंबरांत माउई बेटावरील शेवटचा कारखाना थांबून समाप्त झाला. मळे गेले, धुराडीं थंड झालीं. परंतु ज्या फिलिपिनो मजुरांनीं तो ऊंस तोडला व पाठीवरून वाहिला, त्यांनीं घातलेल्या मंडळ्यांची परंपरा आजही चालू आहे. हें कसें घडलें याचा विचार मजुरांपेक्षां बागायतदारांनींच अधिक करण्यासारखा आहे, असें आमचें मत आहे.

मालकांचा संघ कांहीं लेचापेचा नव्हता. हवाईच्या ऊंस-मळेवाल्यांचा संघ १८९५ सालीं स्थापन झाला व त्यानें आपलें स्वतःचें प्रयोगक्षेत्रही काढलें. उंसाच्या नव्या जाती निपजविणें, मातीची परीक्षा, पाण्याच्या पाळ्यांचे प्रयोग हीं कामें या संघानें ज्या चिकाटीनें केलीं तीं पाहून आमच्यासारख्या संस्थांस हेवा वाटावा. उंसावर तुडतुड्यांची धाड आली तेव्हां त्यांच्या शास्त्रज्ञांनीं देशोदेशीं हिंडून त्या किडीचे नैसर्गिक शत्रू शोधून आणले व अखेर ती आटोक्यांत आणली. परंतु याच संघाचें दुसरें एक खातें होतें, तें मजूर-पुरवठ्याचें. बेटांवरील मूळचे लोक परक्या रोगांनीं फार घटले होते. म्हणून चिनी आणले, पोर्तुगीज आणले, जपानी आणले. एका देशाचे मजूर संख्येनें वाढले म्हणजे ते एक होतात आणि मजुरी वाढवून मागतात. सबब त्यांत दुसऱ्या देशाचे मिसळावे, हें त्या मालकांचें ठरलेलें धोरण होतें व तें त्यांनीं फारसें लपविलेंही नाहीं. जपानी मजुरांची संख्या व कुरबूर हीं दोन्ही वाढूं लागलीं तेव्हां संघाची नजर फिलिपाइन्सकडे गेली. पुढें १९०७-०८ त अमेरिका व जपान यांच्यांत करार होऊन जपानी मजुरांची आवक आटली, तेव्हां तर दुसरा पर्यायच उरला नाहीं. फिलिपाइन्स बेटें अमेरिकेनें १८९८ सालीं स्पेनकडून घेतलीं आणि हवाई बेटेंही त्याच सालीं आपल्या राज्यास जोडलीं. एकाच सरकारचे हे दोन मुलूख. फिलिपिनो मनुष्य अमेरिकेचा नागरिक नव्हे आणि परकाही नव्हे, अशी त्याची स्थिति होती. त्यामुळें त्यास आणण्यांत कायद्याची आडकाठी नव्हती.

ता. २० डिसेंबर १९०६ रोजीं 'डोरिक' नांवाच्या आगबोटीनें पंधरा इसम होनोलुलू बंदरांत उतरले व तेथून ओलाआ येथील मळ्यावर रवाना झाले. हीच सुरुवात. १९४६ पर्यंत एक लाखाहून अधिक माणसें या वाटेनें आलीं. त्यांस त्यांचेच लोक 'साकादा' म्हणतात. करारावर भरती होऊन परमुलखीं गेलेला मजूर असा त्याचा अर्थ. १९१५ पासूनच्या करारांत तीन वर्षांत ७२० दिवस भरले तर परतीचें भाडें मळेवाले देत. भरती करणारे इसम उमेदवाराचे हात उलटून पाहत व घट्टे नसतील तर त्यास घरीं पाठवीत, ही गोष्ट साकादांच्या आठवणींत वारंवार येते. लिहितां-वाचतां येणारा मजूरही नकोसा असे. पुष्कळांनीं आपलें अक्षरज्ञान लपवून अंगठा उठविला. ज्यास वाचतां येत नाहीं तो कराराखालचीं कलमें वाचणार नाहीं, हा हिशेब उघड आहे.

हे लोक आले कोठून, हें नीट पाहिलें पाहिजे. कांहीं मजूर विसाया बेटांतून आले. परंतु मोठा भरणा इलोकोस प्रांताचा. लुझोन बेटाच्या वायव्येस डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत हा प्रांत वसलेला आहे. तेथला शेतकरी भणंग नव्हता. त्याजपाशीं जमिनीचा तुकडा होता, परंतु त्या तुकड्यावर त्याचें भागत नव्हतें. लग्नांत वराकडील मंडळींनीं नव्या जोडप्यास जमीन द्यावी असा त्या लोकांत प्रघात आहे. त्यास 'साब-ओंग' म्हणतात. अर्थात् लग्नागणिक जमिनीचे वांटे पडत जाणार. ज्यांनीं आपल्या गांवचीं फेरफाराचीं पुस्तकें चाळलीं आहेत त्यांस हें चित्र निराळें काढून दाखवावयास नको.

पाण्याच्या बाबतींत मात्र या लोकांनीं तुकड्यांचाच उपयोग करून घेतला होता. इलोकोसमध्यें 'सांहेरा' नांवाच्या पाणी-मंडळ्या फार जुन्या काळापासून आहेत. कांहीं कुटुंबें एकत्र येतात, नदीवर बंधारा घालून पाट खणतात, आणि त्या पाण्याच्या बदल्यांत जमीनमालक आपल्या जमिनीचा कांहीं भाग त्यांस कसण्यास तोडून देतो. बंधारा बांबू, दगड, वाळू व पाला यांचा. पूर आला कीं तो वाहून जातो व पुनः घालावा लागतो, कित्येकदां एका वर्षांत अनेक वेळां. प्रत्येक सभासदाचा हिस्सा एका ठिकाणीं न ठेवतां पाटाच्या तोंडाशीं, मध्यावर आणि शेपटाशीं असा विभागून दिलेला असतो; त्यामुळें पाण्याची तूट आली तर ती सर्वांस सारखी लागते व वरच्यानें खालच्याचें पाणी मारण्याची गोष्टच उरत नाहीं. हिश्श्याच्या प्रमाणांत कामाचे दिवस व सामान द्यावयाचें, न येणारास दंड करावयाचा, मुख्य माणूस सभासदांनींच निवडावयाचा. पांझरेच्या कांठच्या फडपद्धतीशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस यांत ओळखीच्या खुणा सांपडतील. याखेरीज शेजाऱ्याच्या शेतांत किंवा घरबांधणींत मोल न घेतां सर्वांनीं मिळून राबण्याची चाल आहे. तिला ते लोक 'तग्नावा' म्हणतात. आपल्याकडील इर्जिक ती हीच. मळेवाल्यांनीं मागविले ते केवळ घट्टे पडलेले हात. परंतु त्या हातांबरोबर ही संवयही आगबोटींत चढली, असें आमचें अनुमान आहे. पुढचा सर्व इतिहास तिच्याच आधारानें उलगडतो.

मळ्यावर पाऊल टाकतांच मजुरास धातूचा एक बिल्ला मिळे. त्यास 'बांगो' म्हणत. शब्द जपानी आहे, अर्थ नंबर. कोणत्या देशाचा मजूर हें बिल्ल्याच्या आकारावरून ओळखावयाचें. पगार त्या नंबरावर, मळ्याच्या दुकानांतील उधारी त्याच नंबरावर. आमचें सारें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. नंबराशिवाय दप्तर चालत नाहीं हें आम्ही जाणतों. पण आमच्या दप्तरांत खातें-नंबर हा नांवाच्या शेजारीं असतो, नांवाच्या जागीं नसतो. राहण्याच्या चाळी देशवार वेगळ्या. मजुरीही देशवार वेगळी. १९१० च्या सुमारास ऊंस तोडणाऱ्या जपान्यास दिवसाला ९९ सेंट मिळत, तर त्याच कामाचे फिलिपिनोस ६९. मालकांच्या बाजूनें सांगतात कीं घर, सरपण आणि औषधपाणी फुकट होतें. तें होतें खरें. पण नोकरी गेली कीं त्याच दिवशीं घरही जाई, हें सांगावयाचें राहून जातें.

अशा ठिकाणीं पहिली मंडळी निघाली ती मयतीसाठीं. १९३० च्या शिरगणतींत हवाईमध्यें फिलिपिनो ६३,००० चे वर होते. त्यांत स्त्रिया जेमतेम एक षष्ठांश. म्हणजे बहुतेक मजूर एकटे. आजारी पडला तर पेज कोणीं द्यावी, मेला तर पुरावें कोणीं आणि घरीं कळवावें कोणीं? यासाठीं दर पगाराला थोडे थोडे पैसे काढून एकत्र ठेवण्याची रीत पडली. इलोकानो भाषेंत परस्परसाह्यास 'सारानाय' म्हणतात, आणि कित्येक मंडळ्यांचीं नांवें याच शब्दावरून पडलीं. एका गांवच्या लोकांनीं आपल्या गांवाच्या नांवानें मंडळी करावयाची हीही चाल तेव्हांचीच. सिनाइत, बादोक, लाओआग या गांवांच्या नांवानें मंडळ्या झाल्या. मळ्यावर मूल जन्मलें तर त्याच्या बाप्तिस्म्यास डझनावारी धर्मपिते उभे राहत. ज्यांस आपलीं मुलें होण्याचा योग नव्हता त्यांनीं जोडलेलें तें नातें होतें. उरलेला पैसा देशीं जाई व तेथें भाताच्या जमिनींत मुरे. हवाईहून परतलेल्या माणसास गांवांत 'हवायानो' म्हणत, आणि त्याचें घर लांबून ओळखूं येई.

सर्वच मंडळ्या चोख होत्या असें नाहीं. हिलारियो मोंकादो याच्या, १९२५ त निघालेल्या फिलिपिनो संघानें दारू व जुगार सोडविण्याचें चांगलें काम केलें. पण संपास त्याचा विरोध असे, आणि कांहीं अनुयायी तर त्या पुढाऱ्यास दैवी पुरुष समजून वर्गणी देत. मजुराच्या भोळेपणावर जगणारे त्याचे स्वकीयही असतात.

मजुरीसाठीं संघ उभारण्याचें काम पाब्लो मानलापित यानें केलें. हा १९१० सालीं मजूर म्हणून आला, मळ्यावरून काढला गेला, आणि १९१९ त वकिलीची सनद मिळविणारा हवाईंतील पहिला फिलिपिनो झाला. १९२० सालीं ओआहू बेटावर फिलिपिनो व जपानी यांनीं बरोबरीनें संप केला. दिवसाची ७७ सेंट मजुरी सव्वा डॉलर करावी ही मागणी. मालकांनीं सुमारें १२,००० माणसें घराबाहेर काढलीं. तो इन्फ्लुएंझाच्या सांथीचा काळ होता. अखेर संप मोडला. १९२४ त पुनः संप झाला, या वेळीं बहुतांशीं फिलिपिनोंचा एकट्यांचाच, आणि तो लांबत गेला. ता. ९ सप्टेंबर १९२४ रोजीं काउआई बेटावरील हानापेपे येथें संपवाल्या विसाया मजुरांनीं दोन इलोकानो तरुणांस अडकवून ठेविलें होतें. त्यांस सोडविण्यास पोलीस आले आणि परततांना चकमक उडाली. सोळा मजूर व चार पोलीस ठार झाले. मानलापित यास त्याच सालीं शिक्षा झाली व पुढें हवाई सोडून जाण्याच्या अटीवर त्यास सोडलें. मेलेल्या मजुरांचीं थडगीं विस्मृतींत गेलीं होतीं. १९२४ च्या त्या खड्ड्यांचा माग २०१९ सालीं यंत्रांच्या साह्यानें जमीन तपासून काढावा लागला.

हानापेपेचें मूळ केवळ मालकांच्या कठोरपणांत आहे असें म्हणून आम्ही मोकळे होणार नाहीं. इलोकानो आणि विसाया हे एका देशाचे, एका मळ्यावरचे, पण भाषेनें वेगळे. ही चीर मालकांनीं पाडलेली नव्हती, त्यांनीं ती फक्त वापरली. तिची जाणीव मजुरांसही झालेली दिसते, कारण १९३७ त माउईच्या पुउनेने मळ्यावर जो संप झाला तो करणाऱ्या संघाचें नांव 'विबोरा लुविमिंदा'. लुझोन, विसाया व मिंदानाओ या तिन्ही भागांचीं आद्याक्षरें जोडून लुविमिंदा झालें. त्या संपांत मजुरी वाढवून मिळाली. एकाच देशाच्या मजुरांनीं एकट्यानें केलेला हा हवाईंतील शेवटचा संप.

आणि मग १९४६. महायुद्ध संपलें होतें, फिलिपाइन्स स्वतंत्र होण्याच्या बेतांत होतें, आणि बंदर-कामगारांचा मोठा संघ मळ्यांवर शिरला होता. संप येणार हें मालकांस दिसत होतें. त्यांनीं जुना डाव टाकला व सुमारें ६,००० नवे साकादा आगबोटींनीं आणविले. परंतु संघाचीं माणसें त्याच बोटींवर खलाशी व वाढपी म्हणून आधींच चढलीं होतीं. नवे मजूर बंदरांत उतरले ते संघाचे सभासद होऊनच. १ सप्टेंबर १९४६ रोजीं ३४ पैकीं ३३ मळे बंद पडले. सुमारें २६,००० मजूर, दिवस ७९. या एकूणऐशीं दिवसांत कोणी मासे धरले, कोणी रानांत शिकार केली, कोणी भाजी पिकविली, आणि मळ्यामळ्यावर सामाईक चुली पेटल्या. सभेंतलें भाषण इलोकानो, जपानी वगैरे भाषांत उलगडून सांगण्यांत येई. मजुरी वाढली, आणि फुकट घर-सरपणाची ती जुनी पद्धत जाऊन रोख पगार आला. सांहेराचा बंधारा पुरानंतर ज्या रीतीनें पुनः घालतात, त्याच रीतीनें हें काम झालेलें दिसतें.

येथें आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, या संघांनींच अखेर तो धंदा बुडविला. आम्ही हिशेब मांडून पाहिला. १९४६ नंतर उंसाचा धंदा हवाईंत सत्तर वर्षें चालला. तो मावळला तो इतरत्र साखर स्वस्त पिकूं लागल्यामुळें आणि जमिनीला हॉटेलें व घरें यांचा भाव येऊं लागल्यामुळें. २०१६ त शेवटचा कारखाना थांबला तेव्हां सुमारें ६७५ कामगारांचें काम गेलें. कंपनीनें सुमारें ४१,००० एकर जमीन २०१८ सालीं एका नव्या शेती-कंपनीस विकली. मळेवाल्यांच्या जुन्या संघानें १९९६ तच आपलें नांव बदलून शेती-संशोधन केंद्र असें घेतलें होतें. साकादांच्या वांट्यास जमीन आली नाहीं. त्यांच्या वांट्यास आल्या त्या मंडळ्या.

त्यांची आजची स्थिति संमिश्र आहे. हवाईच्या लोकसंख्येंत सुमारें एक चतुर्थांश लोक आज फिलिपिनो वंशाचे आहेत. १९९४ त त्यांच्यांतील बेंजामिन कायेतानो हे तेथील गव्हर्नर निवडून आले. वाइपाहू येथील साखर-कारखाना १९९५ त बंद पडला, आणि त्याच जुन्या कंपनीच्या जागेवर २००२ सालीं फिलिपिनो समाजाचें प्रशस्त सभागृह उघडलें. २०१५ च्या कायद्यानें २० डिसेंबर हा साकादा-दिन ठरला. हें सर्व उत्तम. परंतु मेजवान्या, नृत्यें व सौंदर्यराणी निवडण्याचे समारंभ यांत कित्येक मंडळ्यांचें वर्ष सरतें, आणि हानापेपेचें नांव त्यांत क्वचितच निघतें. पोशाख जपणें सोपें असतें, संप जपणें अवघड. असो; आमच्याकडील जयंत्यांविषयीं बोलावें तर लेख लांबेल.

मात्र ८ ऑगस्ट २०२३ रोजीं माउईवरील लाहाइना गांव आगीनें जळून खाक झालें, तेव्हां या मंडळ्यांची खरी परीक्षा झाली. तेथला ऊंस-कारखाना १९९९ त बंद झाला होता आणि पडीक पडलेल्या मळ्यांत माणूसभर वाळलें गवत माजलें होतें. त्या गवतानें आग पसरण्यास मदत झाली. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. गांवांतील रहिवाशांत फिलिपिनोंचा फार मोठा भाग होता. त्या लोकांनीं मदतीसाठीं जी एक नवी संस्था काढली तिचें नांव त्यांनीं 'तग्नावा' असें ठेविलें आहे.

आतां आपल्या बांधावर येऊं. आपल्याकडे ऊंस तोडणाऱ्या नवराबायकोस मिळून 'एक कोयता' म्हणतात. हवाईंत माणसास नंबरानें हाक मारीत, आपण हत्यारानें मारतों. आणि त्या एका कोयत्यांत दोन जिवंत माणसें आहेत हें हिशेबांत दिसतच नाहीं. उचल नवऱ्याच्या नांवें, राबणूक दोघांची, बोलणें सारें मुकादमाशीं. आपण शेतकरी सोसायटी करतों, संघ करतों, भावासाठीं रस्ता अडवितों, आणि टोळीनें दर वाढवून मागितला कीं तिला 'फितविलेली' म्हणतों. मळेवाल्यांचा संघही हेंच म्हणत असे.

सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेंत आम्ही एक ठराव मांडणार आहों. सभासदांच्या उंसावर येणाऱ्या प्रत्येक टोळींतील पुरुष व बाई यांचीं नांवें स्वतंत्र, गांव, आणि घेतलेली उचल व तोडलेला ऊंस, हें सोसायटीच्या वहींत मांडावें व त्याचा उतारा ज्याचा त्यास द्यावा. आणि टोळ्यांनीं आपली मंडळी केल्यास दराचें बोलणें तिच्याशीं करावें. वही आम्ही स्वतः विनावेतन लिहूं. त्या कामाची आम्हांस संवय आहे. ठरावास अनुमोदक अद्याप मिळालेला नाहीं. ज्या सभासदांस तो पटत असेल त्यांनीं सभेपूर्वीं आठ दिवस चिटणिसांकडे आपलें नांव द्यावें.